शुद्धिहरणकालीन हृदयस्तंभ, बालकांतील
शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या शुद्धिहरणाच्या काळात, किंवा त्यातून रुग्ण पूर्णपणे शुद्धीवर येण्यापूर्वी, बालकाच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्रिया थांबणे, या अवस्थेस शुद्धिहरणकालीन हृदयस्तंभ म्हणतात. हृदयाचे आकुंचन पूर्णपणे थांबलेले असते, किंवा ते इतके दुबळे अथवा विस्कळित झालेले असते की, मोठ्या रोहिण्यांतही नाडी हाताला लागत नाही. रक्तपुरवठा खंडित झाल्यावर काही मिनिटांतच मेंदूच्या कोशिकांना कायमची इजा होऊ लागते, म्हणून ही अवस्था वैद्यकातील अत्यंत तातडीच्या अवस्थांपैकी एक समजली जाते. बहुतेक पाहणींत छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची गरज पडणे अथवा मृत्यू ओढवणे, ही हृदयस्तंभाची व्यवहारोपयोगी व्याख्या मानली आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी होणारा प्रत्येक हृदयस्तंभ शुद्धिहरणामुळेच होतो असे नाही. मूळ रोग, शस्त्रक्रियेतील रक्तस्राव व शुद्धिहरण यांचा वाटा निरनिराळ्या रुग्णांत निरनिराळा असतो. हा भेद न केल्यास वेगवेगळ्या रुग्णालयांच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

इतिहास : ईथरने शुद्धिहरण करण्याचा पहिला यशस्वी जाहीर प्रयोग डब्ल्यू. टी. जी. मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे केला. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या विनलेटन येथे हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता मरण पावली. क्लोरोफॉर्मखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू होय. मुलगी एरवी निरोगी होती आणि शस्त्रक्रिया क्षुल्लक होती. त्यामुळे मृत्यूचे कारण काय, याविषयी मोठा वाद निर्माण झाला. तिचे हृदय एकाएकी बंद पडले, की तोंडात ओतलेले पाणी व ब्रँडी श्वासमार्गात गेली, याचा निर्णय आजही लागलेला नाही.

जॉन स्नो यांनी अशा पन्नास मृत्यूंची छाननी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. हवेतील क्लोरोफॉर्मच्या वाफेचे प्रमाण फार वाढल्यास हृदयाचेच कार्य बंद पडते, असे त्यांचे मत होते. याउलट एडिंबरोच्या परंपरेतील शल्यचिकित्सक नाडीपेक्षा श्वसनावर लक्ष ठेवावे, असे सांगत. याच परंपरेत शिकलेले एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या आश्रयाने हैदराबाद येथे १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग भरविले. कुत्री, माकडे इ. प्राण्यांवर प्रयोग करून, क्लोरोफॉर्मने श्वसन आधी थांबते व हृदय मागाहून थांबते, असा निष्कर्ष या आयोगांनी काढला. तो सर्वांशाने टिकला नाही. १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मचा अंमल उथळ असताना ॲड्रेनॅलिनाच्या प्रभावाने निलयांचे तंतुकंपन (स्नायुतंतूंचे अनियमित व निष्फळ थरथरणे) सुरू होऊन हृदय एकाएकी बंद पडू शकते. श्वसन आधी की हृदय आधी, या जुन्या वादाचे उत्तर औषधानुसार व वयानुसार बदलते, असे आता दिसून आले आहे. बालकांच्या बाबतीत श्वसनातील बिघाडाचे महत्त्व फार मोठे आहे.

पुनरुज्जीवनाच्या उपायांचा इतिहासही बालकांशी निगडित आहे. जर्मनीतील गटिंगेन येथील फ्रीड्रिख मास यांनी क्लोरोफॉर्मखाली हृदय बंद पडलेल्या दोन मुलांना बाहेरून छाती जलद दाबून वाचविल्याचे १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु ही पद्धत पुढे विस्मृतीत गेली आणि अर्धशतकाहून अधिक काळ छाती उघडून हृदय हाताने दाबण्याचीच प्रथा राहिली. १९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे क्लॉड बेक यांनी छातीच्या जन्मजात व्यंगावरील शस्त्रक्रियेच्या अखेरीस हृदय बंद पडलेल्या १४ वर्षांच्या मुलाची छाती पुन्हा उघडली, बराच वेळ हाताने हृदय दाबून रक्ताभिसरण चालू ठेवले आणि हृदयाला थेट विजेचा धक्का देऊन तंतुकंपन थांबविले. मुलगा पूर्ण बरा झाला. मानवात तंतुकंपन विद्युत् धक्क्याने यशस्वी रीत्या थांबविल्याचे हे पहिले उदाहरण होय. १९६० मध्ये बॉल्टिमोर येथील डब्ल्यू. बी. कौवेनहोव्हेन, जे. आर. ज्यूड व जी. जी. निकरबॉकर यांनी बंद छातीवरील दाबाची पद्धत शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली व ती सर्वत्र रूढ झाली.

प्रमाण : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ ते १९८३ या पंधरा वर्षांत दिलेल्या १,६३,२४० शुद्धिहरणांची पाहणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत केवळ शुद्धिहरणामुळे झालेले २७ हृदयस्तंभ आढळले, म्हणजे दर दहा हजारांस १·७. बालकांतील प्रमाण दहा हजारांस ४·७, तर प्रौढांतील १·४ होते. जवळजवळ निम्म्या प्रकरणांत फुप्फुसांना पुरेशी हवा न मिळणे आणि सुमारे एकतृतीयांश प्रकरणांत वायुरूप शुद्धिहारकाची मात्रा अधिक होणे, ही कारणे होती. एक अपवाद वगळता प्रत्येक वेळी हृदय बंद पडण्यापूर्वी त्याची गती क्रमाक्रमाने मंदावत गेल्याचे दिसून आले. ज्या अवधीत उपाय करता येतो, असा अवधी बहुधा उपलब्ध असतो, हा या पाहणीतील सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय.

१९९४ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांनी बालकांच्या शस्त्रक्रियाकालीन हृदयस्तंभांची सामाईक नोंदवही सुरू केली. पहिल्या चार वर्षांत ६३ संस्थांतून २८९ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी १५० शुद्धिहरणाशी संबंधित ठरल्या. हे प्रमाण दहा हजारांस सुमारे १·४ होते. त्यांतील ५५ टक्के बालके एक वर्षाखालील होती. एकतृतीयांश बालकांना दुसरा गंभीर रोग नव्हता.

अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे १९८८ ते २००५ या काळातील ९२,८८१ शुद्धिहरणांत हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांच्या वेळी दहा हजारांस २·९, तर हृदयावरील शस्त्रक्रियांच्या वेळी दहा हजारांस १२७ बालकांचे हृदय बंद पडले. त्यांपैकी शुद्धिहरणामुळे घडलेल्यांचे प्रमाण दहा हजारांस केवळ ०·६५ होते. मेलबर्न येथील बालरुग्णालयात २००३ ते २००८ या काळातील १,०१,८८५ शुद्धिहरणांत शुद्धिहरणाशी संबंधित मृत्यू १० झाले. ती सर्व बालके आधीपासूनच आजारी होती आणि त्यांपैकी निम्म्यांना फुप्फुस रोहिणीतील अतिरक्तदाबाचा विकार होता. निरोगी बालकाच्या साध्या शस्त्रक्रियेत हा धोका आता अत्यंत विरळ आहे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र साधने व प्रशिक्षित तज्ञ यांच्या कमतरतेमुळे तो अधिक आढळतो.

बालकांच्या शरीरक्रियेतील विशेष : बालक म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे. अर्भकाच्या चयापचयाचा वेग मोठा असतो. त्याला दर किग्रॅ. वजनामागे मिनिटाला ६ ते ७ मिलि. ऑक्सिजन लागतो, तर प्रौढाला याच्या सुमारे निम्मा पुरतो. उच्छ्‌वासानंतर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा मात्र शुद्धिहरणात बराच घटतो. त्यामुळे श्वसन थांबल्यास प्रौढात काही मिनिटे टिकणारा ऑक्सिजनाचा साठा अर्भकात एक-दोन मिनिटांतच संपतो. जीभ तुलनेने मोठी व श्वासमार्ग अरुंद असल्याने थोडीशी सूज किंवा स्राव हवेचा मार्ग अडविण्यास पुरेसा होतो.

अर्भकाच्या हृदयस्नायूत आकुंचनक्षम तंतूंचे प्रमाण कमी असते. त्यामुळे दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण फारसे वाढविता येत नाही आणि मिनिटाला किती रक्त बाहेर पडेल हे मुख्यतः हृदयगतीवर अवलंबून राहते. नवजात अर्भकाची हृदयगती मिनिटाला साधारणपणे १२० ते १६० असते. ती ६० पर्यंत उतरल्यास रक्तप्रवाह निम्म्याहून कमी होतो. शिवाय अर्भकात हृदय मंद करणाऱ्या परानुकंपी तंत्रिका तंत्राचा प्रभाव वेग वाढविणाऱ्या अनुकंपी तंत्रिका तंत्रापेक्षा प्रबळ असतो. ऑक्सिजन कमी पडताच प्रौढाचे हृदय प्रथम जलद होते. अर्भकाचे हृदय लवकरच मंद होते. म्हणून बालकातील मंद हृदयगती ही अन्य कारण सिद्ध होईपर्यंत ऑक्सिजनाच्या न्यूनतेचीच खूण मानतात.

रक्ताचे एकूण आकारमानही लहान असते. नवजात अर्भकात ते दर किग्रॅ. वजनामागे ८० ते ९० मिलि. असते. तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे २५० मिलि. असल्याने केवळ २५ मिलि. रक्तस्राव म्हणजे त्याच्या एकदशांश रक्ताचा नाश होय. एवढे रक्त शस्त्रक्रियेच्या कापडांत व कापसाच्या बोळ्यांत सहज शोषले जाते व नजरेतून सुटू शकते.

कारणे : (१) श्वसनविषयक : स्वरयंत्राचे स्नायू एकाएकी आवळून श्वासमार्ग बंद होणे, हे या गटातील वारंवार आढळणारे कारण आहे. नुकतीच सर्दी झालेल्या, तसेच घरात तंबाखूच्या धुरात वावरणाऱ्या मुलांत ते अधिक आढळते. श्वासनालात घालावयाची नळी चुकून अन्ननलिकेत जाणे, नळी निसटणे, वाकणे किंवा स्रावाने तुंबणे, तसेच जठरातील द्रव्य श्वासमार्गात जाणे, ही इतर कारणे होत. शस्त्रक्रिया संपल्यावर नळी काढण्याचा क्षणही तितकाच धोक्याचा असतो.

(२) औषधविषयक : १९५६ मध्ये वापरात आलेला हॅलोथेन हा वायू गोड वासाचा व श्वासमार्गाला न झोंबणारा असल्याने बालकांत फार वापरला गेला. तो हृदयस्नायूचे आकुंचन दुर्बल करतो व हृदयगती मंद करतो. अर्भकांत वायुरूप शुद्धिहारक प्रौढांपेक्षा जलद शोषला जात असल्याने मात्रा अधिक होण्याचा संभव असतो. उत्तर अमेरिकेच्या नोंदवहीत पहिल्या चार वर्षांत ३७ टक्के घटना औषधजन्य होत्या व त्यांपैकी दोनतृतीयांश घटनांत हॅलोथेनाचा संबंध होता. पुढे त्याची जागा हृदयावर सौम्य परिणाम करणाऱ्या सेव्होफ्ल्युरेनाने घेतली आणि १९९८ ते २००४ या काळात औषधजन्य घटना १८ टक्क्यांवर आल्या. स्थानिक संवेदनाहारक ब्युपिव्हाकेन चुकून नीलेत गेल्यास हृदयाचे वहन कार्य बंद पडते. अशा वेळी २० टक्के मेदाचे पायस नीलेवाटे देतात.

सक्सिनिलकोलीन या स्नायुशिथिलकाचा धोका निराळा आहे. द्यूशेन प्रकारच्या स्नायुविकारात स्नायूंतील पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकते. हा विकार आनुवंशिक असून मुख्यतः मुलग्यांत होतो, पण पहिली काही वर्षे तो ओळखू येत नाही. वरकरणी निरोगी मुलग्यांचे असे मृत्यू उघडकीस आल्यावर १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या औषधाबाबत ठळक इशारा देण्यात आला व बालकांत त्याचा नित्य वापर थांबला. घातक अतिताप हा दुसरा आनुवंशिक विकार १९६० मध्ये मेलबर्न येथील एम. ए. डेनबरो व आर. आर. एच. लव्हेल यांनी वर्णिला. त्यात विशिष्ट शुद्धिहारकांमुळे स्नायूंचा चयापचय अनावर होऊन ताप, आम्लता व पोटॅशियम ही वाढतात. डँट्रोलीन हे त्यावरील औषध आहे.

(३) रक्ताभिसरणविषयक : औषधजन्य घटना घटल्यावर हा गट अग्रस्थानी आला आहे. १९९८ ते २००४ या काळात त्याचे प्रमाण ४१ टक्के होते. रक्तस्रावाच्या मानाने रक्ताधान अपुरे होणे, हे यातील प्रमुख कारण होय. याउलट, बराच काळ साठविलेल्या रक्तातील तांबड्या कोशिकांतून पोटॅशियम बाहेर पडलेले असते. असे रक्त लहान अर्भकाला फार वेगाने दिल्यास पोटॅशियमाधिक्याने हृदय बंद पडते. कवटीच्या शस्त्रक्रियेत उघड्या नीलांतून हवा शिरून हृदयातील प्रवाह अडू शकतो. डोळ्याचा तिरळेपणा दूर करताना बाह्य स्नायू ओढला गेल्यास प्राणेशा तंत्रिकेच्या प्रतिक्षेपाने हृदयगती एकाएकी उतरते. हा प्रतिक्षेप १९०८ पासून ज्ञात असून ओढ सोडताच बहुधा तो थांबतो. मोठ्या नीलेत नळी घालताना होणाऱ्या इजाही कधीकधी कारणीभूत होतात.

(४) हृद्‌विकार : नोंदवहीतील १९९४ ते २००५ या काळातील शुद्धिहरणाशी संबंधित घटनांपैकी ३४ टक्के बालकांना जन्मजात किंवा उपार्जित हृद्‌विकार होता व त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक (३३ टक्के, इतरांत २३ टक्के) होते. महारोहिणीचे तीव्र संकोचन, हृदयस्नायुविकार व फुप्फुस रोहिणीतील अतिरक्तदाब हे विशेष धोक्याचे समजतात.

निदान : हृदयगती मंदावणे, रक्तदाब उतरणे व रक्तातील ऑक्सिजन कमी होणे या पूर्वसूचना होत. हृदय बंद पडल्यावर नाडी व हृदयध्वनी नाहीसे होतात, जखमेतील रक्त काळसर होऊन स्राव थांबतो व त्वचा फिकट पडते. बाहुली विस्तारणे ही उशिरा आढळणारी खूण असल्याने तिची वाट पाहणे योग्य नव्हे. केवळ विद्युत् हृल्लेखावर विसंबता येत नाही, कारण आकुंचन थांबल्यावरही विद्युत् तरंग काही काळ दिसू शकतात. उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण एकदम घटणे ही अधिक विश्वसनीय खूण असून, ते पुन्हा वाढणे हे रक्ताभिसरण पूर्ववत झाल्याचे द्योतक असते.

उपचार : शस्त्रक्रिया तत्काळ थांबवून शुद्धिहारक बंद करतात आणि फुप्फुसांना १०० टक्के ऑक्सिजन देतात. श्वासनालातील नळी योग्य जागी व मोकळी असल्याची खात्री सर्वप्रथम करतात. ऑक्सिजन देऊनही हृदयगती मिनिटाला ६० च्या खाली राहून रक्ताभिसरण अपुरे असल्यास नाडी पूर्णपणे जाण्याची वाट न पाहता छाती दाबण्यास आरंभ करतात. दाब मिनिटाला १०० ते १२० या वेगाने व छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत, म्हणजे अर्भकात सुमारे ४ सेंमी. व मोठ्या मुलात सुमारे ५ सेंमी. देतात. अर्भकाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबणे ही पद्धत अधिक परिणामकारक ठरली आहे.

ॲड्रेनॅलीन दर किग्रॅ. वजनामागे १० मायक्रोग्रॅम या मात्रेने नीलेवाटे देतात व गरजेप्रमाणे दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा देतात. तंतुकंपन असल्यास दर किग्रॅ. मागे प्रथम २ व नंतर ४ जूल विद्युत् धक्का देतात. तथापि बालकांत तंतुकंपनापेक्षा हृदय मंदावत जाऊन थांबणे अधिक आढळते. याबरोबरच मूळ कारण शोधणे अत्यावश्यक असते. रक्तस्रावात रक्त व द्रव, पोटॅशियमाधिक्यात कॅल्शियम, घातक अतितापात डँट्रोलीन, छातीत हवा कोंडल्यास ती काढून टाकणे, असे उपाय कारणानुरूप करतात. मोठ्या केंद्रांत शरीराबाहेरील यंत्राने रक्ताभिसरण व ऑक्सिजनपुरवठा काही काळ चालविता येतो.

फलित : शस्त्रक्रियागृहातील हृदयस्तंभाचे फलित रुग्णालयाबाहेरील हृदयस्तंभापेक्षा पुष्कळच चांगले असते. घटना तज्ञाच्या समक्ष घडते, श्वासमार्ग व नीला आधीच हाती असतात आणि कारण बहुधा दूर करण्याजोगे असते. उपरोक्त १५० बालकांपैकी २६ टक्के मरण पावली व ६ टक्के बालकांना कायमची इजा झाली. उरलेली ६८ टक्के बालके पूर्ण बरी झाली किंवा त्यांना केवळ तात्पुरता अपाय झाला. मूळ आजार जितका गंभीर, तितका धोका अधिक असतो.

प्रतिबंध : जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर आधारलेल्या नाडी ऑक्सिजनमापकामुळे रक्तातील ऑक्सिजन सतत कळू लागला. हे उपकरण व उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे उपकरण ही वापरात आल्यावर श्वसनविषयक अपघात बरेच घटले. तथापि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील ७७,००० हून अधिक शस्त्रक्रियागृहांत नाडी ऑक्सिजनमापक नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीत त्याचा समावेश आहे.

अनुभवाचे महत्त्वही सिद्ध झाले आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बालशुद्धिहरणाचे विशेष शिक्षण घेतलेल्या तज्ञांनी हाताळलेल्या २,३१० अर्भकांत शुद्धिहरणजन्य हृदयस्तंभ एकही झाला नाही. इतरांनी हाताळलेल्या २,०३३ अर्भकांत असे चार झाले. युरोपातील ३३ देशांत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१,१२७ शुद्धिहरणांच्या पाहणीतही वय व अनुभव यांचा असाच संबंध दिसून आला. म्हणून नवजात व लहान अर्भकांवरील तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया अशा तज्ञांच्या केंद्रांतच कराव्यात, असा प्रघात पडला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत पालकांनी दिलेल्या माहितीला मोठे मोल असते. कुटुंबात कोणाचा शुद्धिहरणाखाली मृत्यू झाला आहे काय, मुलगा उशिरा चालू लागला अथवा जिना चढताना अडखळतो काय, पोटऱ्या प्रमाणाबाहेर मोठ्या दिसतात काय, दूध पिताना अर्भकाला धाप लागते किंवा ओठ निळे पडतात काय, गेल्या दोन आठवड्यांत सर्दी-ताप झाला होता काय, या प्रश्नांच्या उत्तरांतून धोक्याची सूचना मिळू शकते. घन अन्न ६ तास व अंगावरचे दूध साधारणपणे ४ तास आधी बंद करतात. पाण्यासारखे स्वच्छ द्रव मात्र १ ते २ तास आधीपर्यंत देता येतात, कारण दीर्घ उपवासाने अर्भकाच्या रक्तातील साखर व द्रव ही दोन्ही घटतात. मुलाने चोरून काही खाल्ले असल्यास ते न लपविता सांगणे व त्याप्रमाणे शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हेच सुरक्षित असते. औषधांच्या मात्रा वजनानुसार आधीच लिहून ठेवणे, रक्तस्रावाचे मोजमाप करणे, शरीराचे तापमान राखणे आणि शुद्धीवर येईपर्यंत बालकाजवळ प्रशिक्षित व्यक्ती असणे, या साध्या उपायांनी टाळण्याजोग्या मृत्यूंपैकी पुष्कळ टळतात.